अकरा टिंबं

एनिड बर्टल्सने आयुष्यात कुठल्याही कपाला टिचकी मारल्याशिवाय तोंड लावलं नाही. चर्चच्या चहापानात, दवाखान्यात, आईच्या मयताला शेजारणीने आणून दिलेल्या कॉफीलासुद्धा. आधी नखाने टिचकी, मग कान, मग घोट. चौतीस वर्षं तिने टोरन्स बेंडच्या चिनीमातीच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर हेच केलं होतं. धड कप खणखणतो. तडा गेलेला बद्द वाजतो, मग तो दिसायला कितीही देखणा असो. तिचं लग्न दोनदा ठरत आलं होतं. दोन्ही वेळा तिने नीट कान दिला आणि नाही म्हणाली.

त्यामुळे एप्रिलच्या एका सकाळी लूमिस नावाचा निवृत्त मास्तर डोनटची पुडी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा तिने पुडीकडे आधी पाहिलं आणि माणसाकडे नंतर.

"हे कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? सहज आणले."

"सहज कुणी काही आणत नाही, मिस्टर लूमिस. आत या. पाय पुसा."

लूमिस गावच्या जुन्या वस्तूंचं छोटं संग्रहालय चालवत होता. यंदा त्याला पॉटर्सची खोली करायची होती. पॉटर्स म्हणजे गावचा बेसबॉल संघ. कुंभारांच्या गावाला शोभेलसं नाव. संघ मोडून अर्धं शतक झालं होतं, मैदानावर आता टायरचं गोदाम होतं, पण गावातल्या म्हाताऱ्यांच्या बोलण्यात तो अजून दर शनिवारी खेळत होता. आणि खोलीच्या मधोमध, काचेखाली, लूमिसला एकच गोष्ट हवी होती. एकोणीसशे एकोणपन्नास सालचा, कॉर्लिसच्या मैदानावरचा, क्युबियाकचा अकरा फाउलांचा डाव.

"तुम्हाला सांगायला नको," लूमिस पुढे सरकून म्हणाला. "नववा डाव, दोन स्ट्राइक झालेले, तिसऱ्याला बाद, आणि क्युबियाक एकामागून एक अकरा चेंडू रेषेबाहेर उडवतो. चेंडू टाकणारा पिचर घामाघूम! गावातला दर तिसरा माणूस अजून सांगतो की माझा आजोबा तिथे होता."

"तिथे मैदानात चारशे माणसं मावायची," एनिड म्हणाली. "तुम्ही आजोबा किती मोजलेत?"

"म्हणूनच तर आलो. बाकी सगळी तोंडं. लेखी पुरावा एकच आहे. म्हातारा मॅकिन जिवंत असताना मला म्हणाला होता, एमॉस बर्टल्स त्या दिवशी कॉर्लिसला होता आणि त्याने वही लिहिली होती. स्वतःच्या डोळ्यांनी पाहून. तुमच्या वडिलांची ती वही तुमच्याकडे आहे ना?"

एनिडने डोनटचा तुकडा मोडला, आतून पाहिला, आणि बशीत ठेवला.

वही होती. जेवणाच्या टेबलाच्या खणात, दोन हातांवर.

*

एमॉस बर्टल्स कारखान्यात रेघ मारायचा. बशी चाकावर फिरायची आणि तो उंटाच्या केसांचा कुंचला तिच्या कडेला नुसता टेकवायचा. एका फेऱ्यात सोन्याची रेघ बशीभोवती स्वतःला येऊन मिळायची. जिथे ती सुरू झाली ती जागा कुणाला सापडायची नाही. त्याच्या बापानेही हेच केलं होतं, इंग्लंडातून येताना त्याने कपड्यांपेक्षा कुंचले जास्त आणले होते म्हणत.

बोलायला एमॉस कंजूष. जे काही बोलायचं ते तो रविवारी मैदानावर, पेन्सिलीने बोलायचा. तिसऱ्या बेसच्या मागच्या फळीवर तो आणि त्याची एनिड बसायचे, दोघांच्या मांडीवर एकेक गुणवही. मैदानावरच्या प्रत्येक जागेला एक आकडा असतो. दुसऱ्या बेसवाल्याला चार, त्याच्या डावीकडच्या शॉर्टस्टॉपला सहा, पहिल्या बेसवाल्याला तीन. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसला फेकला आणि फलंदाज आउट झाला, की त्याच्या चौकोनात लिहायचं सहा-तीन. एवढंच. पण त्या एवढ्याशा चौकोनात अख्खी दुपार बसायची. एमॉसची स्वतःची एक भर होती. प्रत्येक फाउलसाठी तो चौकोनाच्या कोपऱ्यात एक टिंब द्यायचा. बाकी कुणी ते करत नसे.

आणि त्याचा एक नियम होता. सात वर्षांच्या एनिडला त्याने वही दिली तेव्हाच सांगितलेला.

"जे पाहिलं नाहीस ते लिहायचं नाही. कुणी विचारलं, कुणी सांगितलं, शपथ घेतली, तरी नाही. कोरा ठेवायचा."

"पण मग वही अर्धवट दिसते, डॅडी."

"दिसू दे. अर्धवट खरी असते."

त्याच्या जुन्या वह्यांत असे कोरे चौकोन होते. एक, तो शेंगदाणे घ्यायला उठला होता तेव्हाचा. एक, एनिडला मधमाशी चावली तेव्हाचा. घरातली कॅलेंडरं आणि जन्मनोंदी हरवल्या, पण त्या कोऱ्या चौकोनांवरून एनिडला आपल्या लहानपणाच्या तारखा लागत.

एकोणपन्नासच्या उन्हाळ्यात ती अकरा वर्षांची होती आणि तिला एक गोष्ट खटकू लागली होती. डॅडींच्या वहीत आता कोरा चौकोन नव्हताच. मे गेला, जून गेला, एकही नाही. वही इतकी भरलेली, इतकी स्वच्छ, की एनिडला ती आवडेनाशी झाली.

शिवाय तो हल्ली तिला विचारायचा. चेंडू उडाला, धूळ उठली, की मान जराशी वाकडी करून म्हणायचा, "हं एनी, काय लिहिलंस?" ती सांगायची. तो मान हलवून लिहायचा. आपली परीक्षा घेतात, असं तिला वाटायचं, आणि ती ताठ बसायची.

घरात आईची वेगळीच तपासणी चालली होती. नेट्टा बर्टल्स गोरीपान, उंच, पिठाच्या हातांची बाई. नवऱ्याचा शर्ट धुवायला टाकण्याआधी ती तो नाकाशी धरायची.

"हे बघ," एकदा तिने एनिडपुढे रुमाल धरला. पांढऱ्या रुमालावर पिवळट हिरवा डाग. "हा काय रंग आहे? कारखान्यात सोनं लावतात, हे सोनं नाही. बायका तोंडाला लावतात त्यातलं काहीतरी आहे."

"मोहरी असेल, मम्मी. मैदानावर सॉसेज मिळतं."

"मोहरी मी ओळखते." तिने रुमाल घडी केला आणि एप्रनच्या खिशात ठेवला, टाकला नाही. "आणि तो माझ्या डोळ्यांत बघत नाही. पाहिलंस तू? बोलताना माझ्या कानाकडे बघतो. सोळा वर्षांत हा माणूस कधी माझ्या कानाकडे बघून बोलला नव्हता. कुठेतरी पाणी मुरतंय, एनिड."

एनिडने पाहिलं होतं. डॅडी तिच्याही कानाकडे बघत.

पॉटर्स बाहेरगावी खेळायला गेले की दर दुसऱ्या शनिवारी, अर्धी पाळी करून, एमॉस आगगाडीने जायचा. एकटा. कधी कॉर्लिस, कधी अजून वर. संध्याकाळी परतायचा, डोक्यावरची टोपी भुवयांपर्यंत ओढलेली, आणि दिव्याखाली बसायचा नाही. एनिडने दोनदा विचारलं, "मी येऊ?"

"तिथल्या फळ्या तुटक्या आहेत," तो म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "तिथले लोक शिव्या देतात."

म्हणजे दोन वेळा दोन कारणं. अकरा वर्षांची असली तरी तिने ते मोजलं.

*

त्या जुलैच्या शनिवारी ती स्वयंपाकघरात रेडिओपाशी वही घेऊन बसली होती. बाहेरगावचे सामने क्लीट वॉर्नर सांगायचा. गावभर त्याचा आवाज ओळखीचा. घशात खडीसाखर धरल्यासारखा. तो "आणि हा टोला!" म्हणायचा, मागे बॅटीचा आवाज यायचा, गर्दी उसळायची, आणि अख्ख्या टोरन्स बेंडच्या खिडक्यांतून एकच कॉर्लिस ऐकू यायचं.

नवव्या डावात क्युबियाक उभा राहिला. दोन स्ट्राइक. फाउल. परत फाउल. एनिड डॅडींसारखी कोपऱ्यात टिंबं देत होती. चार. पाच. क्लीट सांगत होता की पिचरने टोपी काढली, घाम पुसला, एक कुत्रं मैदानात शिरलं. सहा. सात.

आणि तिची पेन्सिल थांबली.

टक्.

तो बॅटीचा आवाज नव्हता. कुंभारांच्या गावात पोरांना पाळण्यात असतानाच आवाज शिकवतात; बॅट चेंडूला लागली की लाकूड आतून बोलतं. हे लाकडावर लाकूड आपटत होतं. आणि गर्दीत कुणीतरी एक माणूस शीळ घालत होता. लांब, मग दोन तोकड्या. एनिडने घड्याळाकडे पाहिलं. चाळीस सेकंद. पुन्हा तीच शीळ. चाळीस सेकंद. पुन्हा.

अकरा टिंबं झाली. क्युबियाक उंच झेल देऊन बाद झाला, सामना संपला, आणि एनिड वही काखोटीला मारून घराबाहेर पडली.

रेडिओवाल्यांची खोली औषधाच्या दुकानावर होती. जिना शेंदूर विटल्यासारख्या रंगाचा. दार उघडंच होतं. आत क्लीट वॉर्नर बनियनवर बसून टोमॅटोचं सँडविच खात होता. खडीसाखरेचा आवाज एका टकल्या, लठ्ठ माणसातून निघत होता. त्याच्यापुढे दोरीला टांगलेली एक आखूड काठी आणि पाटाएवढी फळी. बाजूला फिरून थांबलेली तबकडी. आणि तारेच्या यंत्रातून बाहेर आलेली कागदाची पट्टी, जमिनीपर्यंत लोळत.

"काय गं, सोडा खाली दुकानात मिळतो," तो म्हणाला.

"तुम्ही कॉर्लिसला नव्हतात."

तो चावता चावता थांबला. मग हसला. "पोरी, मी आयुष्यात कॉर्लिसला गेलेलो नाही. तिकडून तारवाला टिकटिक करतो, पट्टीवर दोन शब्द येतात, बाकी सगळं इथे शिजतं." त्याने काठीने फळीवर ठोकलं. टक्. "सगळीकडे असंच करतात. तुला काय वाटलं, बाहेरगावी जायला आम्हाला कोण बग्गी पाठवतं?"

"आणि शीळ?"

"तबकडीवरच्या गर्दीत आहे तो हरामखोर. अजून कुणाच्या लक्षात आला नव्हता." त्याने तिच्याकडे जरा आदराने पाहिलं. "आणखी काय ऐकलंस?"

"अकरा फाउल."

क्लीट मोठ्याने हसला. पोटावर टोमॅटोचा रस सांडला. "अगं, तार तुटली! क्युबियाक उभा राहिला आणि यंत्र मेलं. आता मी काय करू? गप्प बसलो तर लोक बटण फिरवतात. फाउलचं बरं असतं, फाउलने काहीच घडत नाही. ना आउट, ना धाव, ना उद्याच्या पेपरात नोंद. मारत बसलो त्याच्याकडून फाउल. आठव्याला वाटलं आता माझा खांदा उतरतो. मग तार आली. खरं म्हणजे क्युबियाकने पहिलाच चेंडू उंच मारला आणि झेल देऊन मोकळा झाला."

"आणि कुत्रं?"

"कुत्रं माझं. लहानपणी होतं."

एनिड जिना उतरली तेव्हा तिला चोर पकडल्यासारखा आनंद झाला होता. अख्खं गाव फसलं होतं आणि तिला माहीत होतं. आता डॅडी येतील. डॅडी प्रत्यक्ष तिथे होते. त्यांच्या वहीत क्युबियाकच्या चौकोनात एकही टिंब नसेल. ती आपली वही त्यांच्या वहीशेजारी ठेवेल, आणि दोघं मिळून क्लीट वॉर्नरला हसतील.

एमॉस सहाच्या गाडीने आला. टोपी भुवयांवर. टेबलाशी बसला तो खिडकीकडे पाठ करून.

"कसा झाला?" एनिडने विचारलं. ओठ दाबून धरले होते.

"अगं, काय सांगू!" एमॉस म्हणाला. इतक्या उत्साहाने तो एरवी बोलत नसे. "क्युबियाक! अकरा फाउल मारले पठ्ठ्याने. एकामागून एक. मध्ये एक कुत्रं शिरलं मैदानात."

नेट्टा चुलीकडे तोंड करून होती. तिने वळून पाहिलं नाही, पण पळी थांबली.

एनिडने हात पुढे केला आणि डॅडींची वही उघडली. नववा डाव. क्युबियाक. कोपऱ्यात टिंबं, नेहमीपेक्षा मोठी, दाबून दिलेली, एकमेकांवर चढलेली. तिने मोजली. परत मोजली.

कढीत झुरळ पडल्यासारखं ते जेवण झालं. वाढलेलं सगळं ती गिळत गेली. डॅडी कॉर्लिसला नव्हते. डॅडी कुठेतरी रेडिओपाशी बसले होते. कुठे? कुणाच्या रेडिओपाशी? आईच्या एप्रनच्या खिशात तो रुमाल असेल, असं तिला वाटलं, आणि तिने खिशाकडे पाहिलं. आईने ते पाहणं पाहिलं.

*

दुसऱ्या दिवशी रविवार, सामना घरच्या मैदानावर. एनिड नेहमीसारखी बापाच्या उजव्या बाजूला बसली. मागच्या फळीवर मॅकिन. तो कारखान्यात रंगखात्याचा मुकादम. शेंगदाण्याची टरफलं पुढच्यांच्या कॉलरात पडतील अशा बेताने खायचा आणि सगळ्यांची चेष्टा करायचा.

"एमॉस, काल मजा केलीस म्हणे! अकरा फाउल! आणि आम्ही इथे बायकोच्या बहिणीच्या तोंडाकडे बघत बसलो."

"नशीब लागतं," एमॉस म्हणाला.

एनिडने बापाकडे तिरक्या नजरेने पाहिलं. किती सहज बोलले. तिने ठरवलं होतं, आज त्यांना टिचकी मारायची. कुठे मारायची ते अजून सुचलं नव्हतं.

तिसऱ्या डावात ते सुचलं. चेंडू जमिनीवरून सरपटत गेला, दुसऱ्या बेसवाल्याने, म्हणजे चार नंबरने, तो उचलला आणि पहिल्या बेसला फेकला. उघड्या उन्हात, धूळही फारशी नाही. आंधळ्यालाही दिसावं असं.

"हं एनी," एमॉसने मान वाकडी केली. "काय लिहिलंस?"

तिच्या वहीत चार-तीन होतं. तिने वहीवर हात ठेवला.

"सहा-तीन," ती म्हणाली.

आणि ती पेन्सिलीकडे बघत राहिली. आता ते हसतील. आता म्हणतील, झोपलीस काय. आता कान पिळतील.

पेन्सिल खाली आली. एमॉसने चेहरा वहीजवळ नेला, मान तिरकी केली, आणि लिहिलं. सहा-तीन.

वाकडी मान. कानाकडे बघणं. काय लिहिलंस. टोपी. एकही कोरा चौकोन नाही. सगळं एका क्षणात एकमेकांना येऊन मिळालं, बशीवरच्या रेघेसारखं. परीक्षा तिची नव्हतीच. दोन महिने ते तिच्या डोळ्यांनी सामना बघत होते, आणि आज त्या डोळ्यांनी त्यांना खोटं सांगितलं होतं.

"एमॉस!" मागून मॅकिन वाकला होता; त्याच्या श्वासाला शेंगदाण्याचा वास. "अरे सहा-तीन काय? चार नंबरनं उचलला! आंधळा झालास की काय तू?"

तो हसत होता. पण हसताना थांबला, आणि एमॉसच्या चेहऱ्याकडे बघू लागला. रोज शंभर बश्यांच्या कडा तपासणाऱ्या माणसासारखा. एमॉसच्या कपाळावर घाम आला. त्याने मॅकिनच्या आवाजाकडे तोंड वळवलं आणि त्याच्या खांद्यापलीकडे कुठेतरी पाहिलं.

मॅकिनला कळलं तर उद्या सकाळी चाक दुसऱ्याचं. एनिडला हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्या गावातल्या पोरांना हे माहीत असतं.

"ते बघत नव्हते, मिस्टर मॅकिन!" ती ओरडली. "ते माझ्याकडे बघत होते!"

"तुझ्याकडे? तुझ्यात काय बघायचंय?"

"मी रडत होते."

आणि ती रडली. काही प्रयत्न करावा लागला नाही. तोंड वेडंवाकडं करून, नाक गळेपर्यंत, आजूबाजूच्या फळ्यांवरची माणसं वळेपर्यंत रडली.

"अरेच्चा," मॅकिन मागे सरला. "काय झालं पोरीला?"

"पोटात दुखतंय," एनिड म्हणाली. "मीच चुकीचं सांगितलं त्यांना. मला दिसत नव्हतं."

"जा बाबा, घरी ने तिला," मॅकिन म्हणाला. "हिरवी सफरचंदं खाल्ली असतील. माझी धाकटीही अशीच." पण टरफल फोडताना तो आणखी एकदा एमॉसकडे पाहून गेला.

एमॉसने खिशातून रबर काढलं. सहा-तीन खोडलं, फुंकर मारली. चार-तीन लिहिलं नाही. वही मिटली.

घरी जाताना नदीकाठच्या रस्त्याने गेले. दोघांच्या सावल्या पुढे. चालता चालता तो म्हणाला, "कधी कळलं?"

"काल. पण हे नव्हतं कळलं. वेगळंच वाटलं होतं."

"काय?"

ती रस्त्यावरचा खडा पायाने ढकलू लागली. त्याने ओळखलं आणि मान हलवली. "तुझ्या आईला तेच वाटतंय."

मग त्याने थोडक्यात सांगितलं. मधोमध धुकं आहे. कडेचं दिसतं. माणसाकडे सरळ पाहिलं की माणूस जातो, कानाकडे पाहिलं की जरासा राहतो. विल्बर्नला एक डोळ्यांचा डॉक्टर आहे, तो पिवळं औषध घालतो आणि दर वेळी म्हणतो, बघू. त्या दवाखान्याखाली तिथल्या औषधवाल्याचं दुकान आहे, त्याच्या बाकावर रेडिओ ऐकू येतो.

"पण वही का लिहिलीत, डॅडी? कोरी ठेवायची होती."

"कोरे चौकोन वाढले असते तर तू मोजले असतेस," एमॉस म्हणाला. "मीच शिकवलंय तुला."

ती काही पावलं चालली. "क्युबियाकने फाउल मारलेच नाहीत," ती म्हणाली. "तार तुटली होती. क्लीट वॉर्नरने काठी आपटली. कुत्रंही नव्हतं."

एमॉस थांबला. आधी हसला, खांदे हलेपर्यंत. मग हसणं संपलं आणि तो नुसता उभा राहिला, नदीच्या आवाजाकडे तोंड करून.

"म्हणजे मी खोट्याची साक्ष दिली," तो म्हणाला. "ज्याने पाहिलं नाही त्याने, ज्याने पाहिलं नाही त्याची."

आईला त्याच संध्याकाळी कळलं. एनिड दारापलीकडे उभी होती. बश्या आपटल्याचा आवाज आला, आणि मग आईचा आवाज, रडण्याआधीचा. "बाई असती तर बरं झालं असतं, एमॉस. बाईशी मला भांडता तरी आलं असतं."

*

चाक ऑक्टोबरपर्यंत टिकलं. मग एका बशीवर रेघ स्वतःला येऊन मिळाली नाही, आणि मॅकिनने ती बशी उजेडात धरली. त्याने चेष्टा केली नाही. कारखान्याने एमॉसला बांधणीच्या खोलीत काम दिलं. तिथे पेंढ्यात भांडी बांधायची असतात, आणि त्याला डोळ्यांपेक्षा हात लागतात. तो तिथे सतरा वर्षं होता. त्याने बांधलेल्या पेटीत भांडं फुटलं नाही असं म्हणतात. एनिड हे कुणाला ठामपणे सांगत नसे. तिने पेट्या उघडलेल्या नव्हत्या.

संघ असेपर्यंत दोघं मैदानावर जात राहिले. ती बडबडत राहायची, वाया गेलेली पोर बडबडते तशी, चेंडू कुठे गेला, कुणी उचलला, कोण धावतोय; आणि लोक म्हणायचे, काय चकाट्या पिटते ही. त्याच्या मांडीवर वही नसायची. त्याने पुन्हा एकही चौकोन भरला नाही.

आणि अकरा फाउल मात्र वाढत गेले. क्युबियाक कॉर्लिसहून परतला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो जरा गोंधळला, मग हात हलवू लागला. पुढच्या वर्षी तो निघून गेला. क्लीट वॉर्नर मेला. कुत्र्याचा रंगसुद्धा लोक सांगू लागले. एनिड ऐकून घ्यायची. खोटं म्हणायचं तर सांगावं लागलं असतं की मला कसं माहीत, आणि डॅडींच्या वहीत ते कसं. म्हणून पंचावन्न वर्षं ती गप्प राहिली, आणि गाव त्या गप्प राहण्याला साक्ष समजलं.

*

"तर मिस बर्टल्स," लूमिस म्हणाला. त्याने खिशातून छापलेली पट्टी काढली, आशाळभूत माणसं आधीच तयारी करून येतात तशी. तिच्यावर लिहिलं होतं: प्रत्यक्षदर्शी एमॉस बर्टल्स यांनी स्वतःच्या हाताने केलेली नोंद. "ही वहीच्या खाली लावणार. आवडली?"

एनिडने पट्टी घेतली, पालथी केली, मागे काही लिहिलंय का पाहिलं, आणि परत टेबलावर ठेवली.

खणात दोन वह्या होत्या. तिने दोन्ही काढल्या. बापाची वही तिने त्याच्यापुढे उघडी धरली, सोडली नाही. टिंबं पाहून लूमिस पुढे वाकला.

"अकरा!"

"मोजा."

त्याने मोजली.

"देणार नाही," एनिड म्हणाली. "माझे वडील तिथे नव्हते. त्यांनी ते पाहिलं नाही. त्या उन्हाळ्यात त्यांनी काहीच पाहिलं नाही, मिस्टर लूमिस. त्यांचे डोळे गेले होते, आणि गाव सांगतं तसा तो सामना झालाच नाही."

लूमिसने पुन्हा टिंबांवर बोट ठेवलं. "पण सगळं गाव..."

"गावाने रेडिओ ऐकला." तिने दुसरी वही पुढे सरकवली, मुखपृष्ठावर पोरीच्या अक्षरात नाव, कोपऱ्यावर चिकटलेला जाम. "हिच्यातही अकरा आहेत. ही न्या. पण खाली लिहायचं: रेडिओवर ऐकलेलं. आणि क्लीट वॉर्नरचं नाव मोठ्या अक्षरात घाला. घाम त्यानेच गाळला होता."

"हे लावलं तर गोष्टच संपते, मॅडम."

"संपते का ते बघा. लावल्याशिवाय कसं कळणार?"

त्याने पट्टी दुमडून खिशात घातली. मग त्याने बापाची वही, तिच्या हातातलीच, पुढे चाळली. दुसऱ्या दिवशीचं पान. तिसऱ्या डावात एक चौकोन कोरा होता, खोडरबराने कागद जरा झिजलेला. त्याच्यापुढची सगळी पानं रिकामी.

"आणि हा? हा कोरा का?"

"त्या वेळी ते माझ्याकडे बघत होते," एनिड म्हणाली.

आपली लहानपणची वही देण्याआधी तिने त्याच्याकडून पोच लिहून घेतली, दोनदा वाचली, आणि तारीख चुकली म्हणून परत लिहून घेतली. तो गेल्यावर ती पडद्याआड उभी राहिली. लूमिसने गाडीचं दार उघडायला वही टपावर ठेवली. एनिड खिडकीच्या काचेवर नखाने टिचकी मारणार तोच त्याने ती उचलली, मागच्या सीटवर ठेवली, मग विचार करून पुढच्या सीटवर, आपल्याशेजारी घेतली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत एनिडने पडदा सोडला नाही.